नाव, गाडा आणि धुरेवरचा भार

(आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात आम्ही दिलेले भाषण. चिटणीसांच्या आग्रहावरून ते स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



परदेशात पुष्कळ वर्षे काढून परतलेल्या मनुष्याने काहीतरी भारदस्त सांगावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आमच्या चिटणीसांनीही ‘पाश्चात्त्य समाजजीवन’ असा एक भव्य विषय आमच्यापुढे ठेवला होता. तो आम्ही नम्रपणे नाकारला. ज्या समाजात आम्ही बावीस वर्षे पाहुण्यासारखे राहिलो, त्याच्याविषयी निकाल देण्याचा आमचा अधिकार नाही. त्याऐवजी आम्ही अगदी साधा विषय घेतला आहे. शिडाची लहान होडी मोटारीमागून वाहून नेणारा आणि तळ्याकाठी मुक्कामाचे सामान बरोबर घेणारा दोन चाकांचा गाडा, ज्याला आपण ट्रेलर म्हणतो, तो कसा करावा हा तो विषय होय.

विषय ऐकून काही मंडळी हसली, हे आम्ही पाहिले. त्यांना आमची एकच विनंती आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी आयुष्यभर बैलगाड्या केल्या, ज्यांच्या अंगणात तुंबा, आरे आणि पुठ्ठे वाळत पडलेले असत, धाव चढविण्याच्या दिवशी ज्यांच्या दारी शेणींचा जाळ पेटत असे, अशा लोकांपुढे आम्ही बोलत आहो. दोन चाकांचा गाडा हा विषय या सभेत परका ठरू नये.

प्रथम नावेविषयी सांगतो. आम्ही नोकरीनिमित्त इंग्लंडात लेस्टर शहरी राहत होतो. तेथून फार दूर नाही असे रटलंड वॉटर नावाचे मोठे कृत्रिम जलाशय आहे. ते १९७० नंतरच्या दशकात बांधले गेले. आपल्याकडे खडकवासल्याच्या पाण्यावर जशी शिडे दिसतात, तशी तेथेही दिसतात. आमची कन्या आणि चिरंजीव दोघेही तेथे नौकानयन शिकली आणि घरात नावेचा हट्ट सुरू झाला. अखेरीस आम्ही ‘वेफेअरर’ जातीची एक जुनी होडी विकत घेतली.

ही होडी इयन प्रॉक्टर या इंग्रज संकल्पकाने १९५७ साली आखली. लांबी ४.८२ मीटर, रुंदी १.८५ मीटर आणि नुसत्या कवचाचे वजन सुमारे १६९ किलो. चार माणसांचे कुटुंब तीत मजेत बसते आणि सामानाला जागाही उरते. तिच्या सामर्थ्याची कल्पना यावी म्हणून एकच गोष्ट सांगतो. फ्रँक डाय या गृहस्थाने १९६३ साली याच जातीच्या उघड्या होडीतून, एका सोबत्यासह, स्कॉटलंडहून आइसलंड गाठले आणि पुढच्याच वर्षी नॉर्वे गाठले. त्याची ‘वाँडरर’ ही नाव पुढे फॉलमथ येथील सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. आमचा असा काही मानस नव्हता. उन्हाळ्याच्या सुटीत निरनिराळ्या तळ्यांवर जावे, दिवसा नाव हाकारावी, रात्री काठावर तंबूत निजावे, एवढीच आमची झेप होती. पण एवढ्यासाठीसुद्धा नाव रस्त्याने न्यावी लागते, आणि खरी अडचण येथेच आहे. पाण्यावरचे धोके शिकविणारे पुष्कळ भेटतात. नावेला रस्त्यावर काय होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

नावेबरोबर आम्हाला एक जुना ट्रेलर मिळाला होता. त्याचे वजन सुमारे ९० किलो, नाव १७० किलो, डोलकाठी, शिडे, वल्ही, सुकाणू वगैरे ५० किलो, मिळून ३१० किलो. ज्याने तो जोडला होता, त्याने तो समजून जोडला होता. मोटारीच्या पाठीशी जो पोलादी गोळा असतो, त्यावर ट्रेलरचे नाक बसते. आम्ही त्याला धुरा म्हणू. त्या धुरेवर २५ किलो भार पडत असे. आम्ही शिकलेसवरलेले अभियंते. परंतु हा २५ किलो भार तेथे का ठेवला आहे, असा प्रश्न आमच्या मनात एकदाही आला नाही.

२००३ सालच्या ऑगस्ट महिन्यात आम्ही लेक डिस्ट्रिक्टमधील अल्सवॉटर या सरोवराकडे निघालो. मोटारीत मुलांमुळे जागा अपुरी होती. म्हणून तंबू, गाद्या, चूल, भांडी, पाण्याचा डबा असे सुमारे ५० किलो सामान आम्ही नावेतच ठेवले; आणि नावेत मोकळी जागा पिछाडीला होती, म्हणून पिछाडीला ठेवले. वर ताडपत्री घट्ट बांधली. सारे कसे नीटनेटके दिसत होते.

एम-६ हा महामार्ग शॅपच्या डोंगरावरून सुमारे ३०० मीटरांहून अधिक उंचीवर जातो आणि मग पेनरिथच्या बाजूला उतरतो. त्या उतारावर आमचा वेग ताशी ५५ मैल होता. तेथे ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला महामार्गावर ६० मैलांची मुभा आहे. म्हणजे कायद्याने आम्ही निर्दोष होतो. एक मोठी मालमोटार आम्हाला मागे टाकून गेली. तिच्या वाऱ्याचा झोत लागला आणि आमच्या मागचा गाडा डावीकडे सरकला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, पहिल्याहून अधिक. चौथ्या हेलकाव्याला आमची मोटारच मागून उचलल्यासारखी ओढली जाऊ लागली. आम्ही घाबरून ब्रेक दाबला, आणि ते अधिकच वाईट झाले. आमच्या पत्नी एवढेच म्हणाल्या, “पाय काढा, पाय काढा!” आम्ही पाय काढला, चक्र दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवले, आणि वेग उतरला तसे ते हेलकावे विरत गेले. कडेच्या पट्टीवर येऊन आम्ही थांबलो. मागचा दिव्यांचा फळा तडकला होता. याखेरीज कशालाही, कोणालाही इजा झाली नाही. मागच्या आसनावरून आमचे आठ वर्षांचे चिरंजीव हळूच म्हणाले, “बाबा, आपण घरी जाऊ या का?” त्या प्रश्नाने आम्हाला जी लाज वाटली, ती अद्याप गेलेली नाही.

त्या रात्री आम्ही सरोवराकाठच्या दूरध्वनीवरून सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी आत्यांना फोन केला. त्या आमच्या आजोबांच्या शेवटच्या अपत्य. शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. परंतु वडिलांच्या गाड्यांच्या खटपटीत लहानपणापासून हाताखाली राबलेल्या. आम्ही सारी हकीकत सांगितली. वेग, वारा, उतार, सर्व सांगितले. आत्यांनी एकच विचारले, “ओझं कुठं ठेवलं होतंस?” आम्ही म्हणालो, “मागे.” तेव्हा त्या म्हणाल्या, “मग काय रे बाळ, तुझी गाडी उलाळ होती. सुताराचा नातू ना तू?”

उलाळ! या सभेतील वृद्ध मंडळींनी मान हलविली, ते आम्ही पाहिले. तरुणांसाठी सांगतो. बैलगाडीत मागे ओझे अधिक झाले की धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते. अशा गाडीला उलाळ म्हणतात. पुढे ओझे अधिक झाले तर ती धुरजड होते आणि बैलांच्या माना मोडतात. चांगला गाडीवान धान्याची पोती भरताना धुरा हाताने उचलून पाहतो. ती जरा जड लागली पाहिजे, फार नव्हे. म्हणजे आमच्या जुन्या ट्रेलरच्या धुरेवरचे ते २५ किलो हे अनवधानाने राहिलेले ओझे नव्हते. तो गाडीवानाच्या हाताचा अंदाज होता, आणि आम्ही तो पुसून टाकला होता.

किती पुसून टाकला, त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी आम्ही वहीत मांडला. आखापासून धुरेच्या टोकापर्यंतचे अंतर ३.२ मीटर. मागे ठेवलेले ओझे ५० किलो. ते आखाच्या मागे १.६ मीटरवर होते. पन्नासाला १.६ ने गुणिले असता ८०, आणि त्यास ३.२ ने भागिले असता २५. म्हणजे धुरेवरचे २५ किलो बरोबर नाहीसे झाले होते. धुरेवर शून्य! पाळण्यातील मुलाच्या सामानाइतके आणखी काही मागे ठेवले असते, तर गाडा मोटारीची पिछाडी वर उचलू लागला असता.

येथे बैलगाडी आणि मोटार यांतील भेदही लक्षात घेतला पाहिजे. नाहीतर पूर्वजांचे गोडवे गाऊन आम्ही मोकळे होऊ, आणि ते योग्य नव्हे. बैलाच्या चालीने जाणारी गाडी उलाळ झाली तर फार तर जू सुटेल. मोटारीमागचा गाडा उलाळ झाला तर तो डोलू लागतो. अशा गाड्याला एक ठरावीक वेग असतो. त्याच्या आत वाऱ्याने किंवा खड्ड्याने आलेला हेलकावा आपोआप विरतो. त्याच्या वर तोच हेलकावा प्रत्येक खेपेस वाढत जातो. धुरेवर पुरेसा भार असला की तो ठरावीक वेग आपल्या नेहमीच्या वेगाच्या बराच वर राहतो. भार नाहीसा झाला की तो खाली उतरतो, आणि उतारावर आपण नकळत त्याच्या पलीकडे जातो. आजोबांना शब्द ठाऊक होता, हा पुढचा भाग त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आम्हाला पुढचा भाग पुस्तकात वाचता आला असता, पण शब्दच हरवला होता. दोन्ही एका ठिकाणी आली असती, तर शॅपच्या उतारावर आमच्या मुलांचा जीव टांगणीला लागला नसता.

त्या हिवाळ्यात आम्ही नवा गाडा आखावयास घेतला. सांगाडा एका वेल्डरकडून जोडून घेतला, लाकडी काम स्वतः केले. तो आखताना जे नियम आम्हाला सापडले, ते आता क्रमाने सांगतो.

पहिला नियम असा की, गाडा आखण्यापूर्वी त्यावर काय काय जाणार आहे, ते सारे तोलून घ्यावे. अंदाजाने नव्हे, काट्यावर. पाण्याचा १० लिटरचा डबा म्हणजे १० किलो, हे सर्वांना कळते. पण भिजलेला तंबू कोरड्या तंबूहून किती जड असतो, हे तोलल्याशिवाय कळत नाही. आणि परतीच्या प्रवासात तंबू बहुधा भिजलेलाच असतो. आमची बेरीज अशी झाली: गाडा ९०, नाव १७०, डोलकाठी-शिडे वगैरे ५०, पेट्या २० आणि मुक्कामाचे सामान ७०, एकूण ४०० किलो. त्या देशात स्वतंत्र ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलोपर्यंत, किंवा ओढणाऱ्या मोटारीच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत, यांपैकी जे कमी असेल तेवढाच चालतो. आमची मोटार १२०० किलोची; म्हणजे मर्यादा ६०० किलो. आम्ही आत होतो.

दुसरा नियम धुरेचा. एकूण वजनाच्या शेकडा ५ ते ७ इतका भार धुरेवर असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. मात्र मोटारीच्या आणि जोडाच्या कारखानदाराने दिलेली मर्यादा ओलांडू नये. ४०० किलोला २५ किलो म्हणजे सव्वासहा टक्के झाले. त्यासाठी साऱ्या ओझ्याचा गुरुत्वमध्य आखाच्या पुढे २० सेंटिमीटरवर यावयास हवा. आम्ही आख सांगाड्याला कायमचा न जोडता पकडींनी आवळून बसविला, म्हणजे तो पुढेमागे सरकविता येई. आख मागे सरकविला की धुरेवरचा भार वाढतो, पुढे सरकविला की कमी होतो. सर्व सामान चढवून, गाडा सपाट जमिनीवर आडवा समतल ठेवून, धुरेखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली घरातला वजनकाटा ठेवला, की धुरेचा भार क्षणात कळतो. प्रवासाला निघण्यापूर्वी प्रत्येक वेळी हे करावयास पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे आम्ही पुढे कधीही वाचविली नाहीत.

येथे कोणी चतुर श्रोता विचारील की, मागे ५० किलो ठेवले आणि नाळेत, म्हणजे नावेच्या नाकाकडे, तितकेच ठेवले तर तोल साधणार नाही काय? काट्यावर साधेल, रस्त्यावर साधणार नाही. दोन टोकांना ओझे असलेली वस्तू एकदा डोलू लागली की थांबविणे कठीण जाते. कावड घेऊन वळणाऱ्या मनुष्याला हे विचारावे. ओझे आखाजवळ आणि जमिनीजवळ असावे, हा तिसरा नियम.

या तिसऱ्या नियमानेच आम्हाला सामानाची जागा दाखविली. नावेच्या खाली एक मोठी पेटी ठेवावी, असा आमचा पहिला विचार होता. परंतु त्यामुळे नाव ३० सेंटिमीटर वर उचलली जाई. गाडा डोईजड होई आणि नाव चढविताना चौघांच्या कमरा मोडत. मग लमाणांच्या बैलांवरील गोण्यांची आठवण झाली. वेफेअररच्या कुशी बाहेर झुकलेल्या असतात. त्यांच्या खाली, दोन्ही चाकांच्या लगेच पुढे, मोकळी जागा असते. तेथे आम्ही दोन अंगांना दोन पेट्या बसविल्या. प्रत्येक १२० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, ३० उंच. पातळ प्लायवुडच्या असल्याने प्रत्येकीचे वजन १० किलोच्या आत राहिले. जड वस्तू आखाकडच्या टोकाला, हलक्या पुढे. स्वयंपाकाच्या वायूचा लहान नळकांडा ज्या पेटीत उभा राही, तिच्या तळाला भोके ठेविली. कारण हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खाली साठतो.

चौथा नियम पाण्याचा. रस्त्याच्या गाड्याची चाके पाण्यात कधीही बुडवू नयेत. लांबच्या प्रवासाने बेअरिंगे तापलेली असतात. ती थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. समुद्राचे असेल तर एका हंगामात बेअरिंग गंजून जाते आणि पुढे केव्हातरी, बहुधा रात्री आणि बहुधा पावसात, चाक निखळते. यावर उपाय म्हणजे दोन गाडे करावे. नाव एका हलक्या हातगाड्यावर कायम बसलेली असते, आणि तो हातगाडा नावेसकट मोठ्या गाड्यावर चढवून बांधावयाचा. काठावर पोहोचल्यावर हातगाडा खाली ओढून घ्यावा आणि तोच पाण्यात न्यावा. नावेचा भार तिच्या कण्यावर टेकला पाहिजे. कुशींना केवळ आधार द्यावा. आणि दोर आवळताना ज्या ठिकाणी खाली टेकण आहे, त्याच ठिकाणी आवळावा, नाहीतर बांधणेच नावेची बरगडी मोडते.

पाचवा नियम आमच्यासारख्या सुताराच्या वंशजाला पटावयास जड गेला. अधिक मजबूत ते अधिक चांगले, अशी आपली समजूत असते. ट्रेलरच्या आखाला रबराची दाबपट्टी असते, ती स्प्रिंगचे काम करते. आमच्या ४०० किलोंसाठी आम्ही ७५० किलोंची घेणार होतो. एका जुन्या जाणत्याने अडविले. इतकी ताठ स्प्रिंग हलक्या ओझ्याखाली वाकतच नाही. रस्त्याचा प्रत्येक धक्का नावेला जसाच्या तसा पोहोचतो आणि नावेच्या चिरा उघडतात. आम्ही ५०० किलोंची घेतली. चाके मात्र ८ इंचांऐवजी १० इंचांची घेतली. कारण लहान चाक त्याच अंतरात अधिक फेरे घेते आणि त्याचे बेअरिंग लवकर तापते. एक जादा चाक आणि दोन जादा बेअरिंगे पेटीत असावीतच. वर्षभर उन्हात उभ्या असलेल्या गाड्याचे टायर झिजण्याआधी भेगाळतात, हेही ध्यानी ठेवावे.

सहावी गोष्ट लोखंडाच्या रक्षणाची. सांगाडा जोडून झाल्यावर आम्ही त्याला वितळलेल्या जस्ताचा मुलामा देवविला. जस्ताचे कुंड सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापलेले असते. म्हणून सर्व भोके आधी पाडावी, आणि पोकळ नळ्यांची तोंडे पूर्ण बंद करू नयेत. बंद नळीतील हवा किंवा ओल त्या उष्णतेने फुगून नळी फुटते आणि शेजारी उभ्या असलेल्या कामगाराचा जीव जातो. वस्तू आपली असली तरी धोका दुसऱ्याला असतो, हे कारागिराने विसरू नये.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. जोड निसटला तर नाक जमिनीवर आपटू नये, इतकी आखूड साखळी मोटार आणि गाडा यांमध्ये असावी. मागे दिव्यांचा फळा हवा. डोलकाठी नावेहून लांब असते. ती मागे एका मीटरहून अधिक आली तर तिचे टोक स्पष्ट दिसेल असे करावे. गाड्यात किंवा नावेत माणूस कधीही बसवू नये, मूल तर नाहीच नाही. आणि गाडा डोलू लागला तर ब्रेक दाबू नये, वेग वाढवून ‘ओढून काढण्याचा’ मोह धरू नये. पाय काढावा आणि चक्र सरळ धरावे. हे शेवटचे वाक्य आमच्या पत्नींचे आहे. सन्मान त्यांचा.

आता मुक्कामाविषयी. नाव पाण्यात गेल्यावर मोठा गाडा काठावर रिकामा उभा असतो. आम्ही त्याच्या चारही कोपऱ्यांना खाली सोडता येतील असे पाय बसविले. बैल सोडल्यावर गाडीला टेकण देतात, त्याचाच हा प्रकार. सांगाड्यावर प्लायवुडच्या दोन फळ्या अंथरल्या की एक ओटा तयार होई. पेट्यांची झाकणे उघडली की एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला कपड्यांचे कपाट. वर ताडपत्री ताणली की पावसात चौघांना कोरडे बसता येई. आमची मुले त्याला ‘ओसरी’ म्हणत. इंग्लंडात जन्मलेल्या मुलांना ओसरी हा शब्द एका ट्रेलरने शिकविला, ही गंमत आम्ही आजही सांगतो.

२००४ च्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा त्याच वाटेने गेलो. शॅपच्या उतारावर एक मालमोटार शेजारून गेली. गाडा किंचित हलला, आणि तेथेच थांबला. मागच्या आसनावर मुले भांडत होती. ती भांडतच राहिली. त्यांच्या लक्षातही काही आले नाही. गाडा चांगला झाल्याचे यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र आम्हाला नको होते.

आता आपल्या ज्ञातीपुरते दोन शब्द बोलून आम्ही आवरते घेतो. आज आपल्याही तरुणांत तळ्याकाठी तंबू ठोकण्याची आणि पाण्यावर खेळण्याची हौस वाढत आहे. त्यांपैकी कोणी असा गाडा करू म्हणेल, तर आमची वही आणि नकाशे मंडळाच्या ग्रंथालयात ठेवले आहेत, खुशाल न्यावेत. परंतु ध्यानात ठेवावे की, आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच ट्रेलर हा मोटार-वाहनात मोडतो. तेव्हा पोलाद विकत घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जाऊन नियम विचारावेत. आम्ही सांगितलेले कायद्याचे आकडे इंग्लंडचे आहेत. ते घाटात चालणार नाहीत. धुरेचा नियम मात्र सर्वत्र चालतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आमच्या वडिलांनी आम्हाला वाकस हाती धरू दिला नाही. “शीक आणि साहेब हो,” असे ते म्हणत. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी जे हाल पाहिले होते, ते आम्ही पाहिलेले नाहीत. पण विद्या देताना त्यांनी धंद्याबरोबर धंद्याचे शब्दही घराबाहेर ठेवले, आणि शब्दांबरोबर त्यांत साठविलेली शहाणपणाची गोष्टही बाहेर राहिली. धंदा सुटला म्हणून दुःख करण्याचे कारण नाही. शब्द सुटू नयेत, एवढेच आमचे म्हणणे आहे. ज्यांच्या घरी गाडी, मोट, नांगर किंवा नाव यांतले जाणणारे कोणी वृद्ध हयात आहेत, त्यांनी या दिवाळीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. कोणत्या भागाला काय म्हणतात, एवढेच विचारू नये. तो भाग बिघडला तर काय होते, हेही विचारावे. आमच्या आत्या २०११ साली निवर्तल्या. त्यांना आम्ही त्या एका रात्री एकच प्रश्न विचारला, आणि त्यांनी एका शब्दात उत्तर दिले. आणखी किती शब्द त्यांच्यापाशी होते, ते विचारण्याचे आमच्याकडून राहून गेले.